उंटकोंबड्याची मान

मानवतला आमच्या घरापुढच्या बागेत सिमेंटचा एक शहामृग उभा आहे. माणसापेक्षा हातभर उंच. तो माझ्या वडिलांनी केला, पण त्याची आत्ताची मान दुसऱ्या कुणी केली. त्या मानेची ही हकीकत.

बाबांनी आयुष्यभर गवंडीकाम केलं. गावातली कितीतरी घरं, जिनिंगच्या कंपाउंड भिंती, विहाराचा ओटा, शाळांच्या खोल्या, सगळीकडे त्यांची थापी फिरलेली. स्वतःचं घर बांधायला मात्र त्यांना पन्नाशी उजाडली. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे मोकळी जागा. आईने त्या जागेत मोगरा, जास्वंद आणि कढीपत्ता लावला. कोपऱ्यात आधीपासूनच एक मोठा कडुलिंब होता. मधल्या भागात हरळी पसरली. घर पूर्ण झाल्यावर दोन पोती सिमेंट आणि थोड्या सळया उरल्या, तेव्हा बाबांनी त्या हरळीच्या मधोमध खड्डा घेतला. आईला वाटलं, तुळशीसारखं काही रोप लावायला कट्टा करतायत.

त्याच्या आदल्या महिन्यात ते एका शाळेच्या वर्गाला गिलावा करत होते. भिंतीवर प्राण्यांचा तक्ता होता. तो काढून ठेवताना त्यांना शहामृग दिसला. घरी येऊन त्यांनी मला विचारलं, एवढा मोठा पक्षी आणि त्याला उडता येत नाही, हे खरं का? मी तेव्हा डी.एड. करत होते. मी म्हटलं, खरं आहे, पण घोड्याएवढा पळतो. बाबांना ते फार आवडलं. दोन-तीन दिवस ते ज्याला त्याला हेच सांगत होते.

खरा शहामृग त्यांनी कधीच पाहिला नव्हता. तक्त्यातली मान आणि तोंड लक्षात होतं, बाकीचं त्यांनी कोंबड्यावरून केलं. म्हणून आमच्या शहामृगाला तीन बोटं आहेत आणि शेपूट कोंबड्यासारखं वर वळलेलं आहे. पोट ढोलासारखं. एक पाय बारीक, दुसरा जाड, कारण बारीक पाय वाकेल की काय या भीतीने दुसऱ्यात जास्त सळया घातल्या. मान डावीकडे झुकलेली, शेजारच्या घरात काय बोलणं चाललंय ते ऐकावं तशी. डोळ्यांत काचेच्या निळ्या गोट्या. अंगाला खिडकीच्या गजांचा उरलेला काळा रंग आणि मानेला आमच्या स्वयंपाकघराचा गुलाबी.

लोक बघायला आले. कुणी उंट म्हणालं, कुणी कोंबडा. गल्लीतल्या पोरांनी दोन्ही जोडून उंटकोंबडा केला आणि तेच नाव टिकलं. पोस्टमन, रिक्षावाले, गॅसवाले सगळ्यांना तोच पत्ता. दुसऱ्या बाजूच्या घरात कापडाचं दुकान असलेले काका राहत. उंटकोंबड्याचं शेपूट त्यांच्या दाराकडे होतं, ते त्यांना अजिबात पसंत नव्हतं. त्याला फिरवून घ्या, असं ते वर्षातून एकदा तरी सुचवायचे. पायाच जमिनीत आहे, आता कसा फिरणार, असं बाबा तितक्याच शांतपणे सांगायचे.

मला त्याची लाज वाटायची, हे लिहायला हवं. मला बघायला परभणीहून पाहुणे येणार होते त्या सकाळी मी घरातली मोठी चादर नेऊन त्याच्यावर टाकली आणि मानेभोवती दोरी बांधली. बाबा नळावर हातपाय धूत होते. त्यांनी पाहिलं आणि आत गेले. पाहुणे बसले, पोहे झाले, मग वारा सुटला आणि चादर एका बाजूने उडून शेपूट बाहेर आलं. होणाऱ्या सासूबाईंनी बाहेर येऊन चादर पूर्ण काढली, भोवती एक चक्कर मारली आणि हसून हसून डोळे पुसले. लग्न ठरलं. पाहुणे गेल्यावर बाबांनी चादर झटकली, घडी घातली आणि माझ्या हातात दिली. त्या दिवसाबद्दल आम्ही पुढे वीस वर्षं काही बोललो नाही.

मी परभणीला नांदायला गेले, शाळेत नोकरी लागली. उंटकोंबडा दर दिवाळीला रंगत राहिला. मग बाबांना लकवा झाला. उजवा हात आणि पाय गेला, बोलणंही गेलं. दवाखान्यातून आल्यावर काही महिन्यांनी पाय थोडा उचलायला लागला, एखाददुसरा शब्द यायला लागला. पाणी. न्हाई. हूं. त्यापुढे नाही. ते दिवसभर ओट्यावर खुर्ची टाकून बागेकडे बघत बसायचे. डाव्या हातात काठी. काठी एकदा आपटली म्हणजे हो आणि दोनदा आपटली म्हणजे नको, हे आईने आणि त्यांनी आपसात ठरवून घेतलं होतं.

मे महिन्याच्या सुट्टीत मी मानवतला आले होते. एका दुपारी वावटळ उठली आणि तिच्यामागून जोराचं वारं आलं. पाचच मिनिटांत लिंबाची मोठी फांदी कडाडून खाली आली ती थेट उंटकोंबड्यावर. धूळ बसल्यावर आम्ही बाहेर आलो. अंग जागेवर होतं. मान बुडापासून गेली होती. गंजलेली सळई वाकून बाहेर आलेली, गुलाबी तुकडे हरळीत पसरलेले. डोकं दोन भागांत फुटलं होतं. एक निळी गोटी सापडली, दुसरी सापडलीच नाही.

बाबांनी ते सगळं पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने त्यांना खुर्चीवर बसवलं, तेव्हा त्यांनी काठीने खुणावून खुर्ची भिंतीकडे फिरवायला लावली. तीन दिवस ते भिंतीकडे तोंड करून बसले. जेवण निम्म्यावर आलं.

मी दोन गवंड्यांना बोलावलं. एकाने लग्नसराईतल्या कामांची यादी सांगितली आणि दिवाळीनंतर बघू म्हणाला. दुसरा आला, भोवती फिरला आणि म्हणाला, हे काढून टाका, परभणीला तयार हरणं मिळतात, फायबरची, हलकी. बाबा पाठमोरे बसून ऐकत होते. काठी दोनदा आपटली.

मग मीच करायचं ठरवलं. पाचवीच्या पोरांना मातीचे बैल करायला शिकवते, त्यात हे काय अवघड, असं मला वाटलं. मोबाईलवर दोन व्हिडिओ पाहिले. बाबांची थापी पेटीतून काढली. नवी सळई जुन्या सळईला तारेने बांधली, भोवती जाळी गुंडाळली, सिमेंट-वाळूचा माल कालवला आणि थापायला सुरुवात केली. अर्ध्या तासात सगळा माल घसरून उंटकोंबड्याच्या पाठीवर बसला. मी परत वर चढवला, तो परत खाली. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बाबांनी आईकडून खुर्ची फिरवून घेतली होती. निदान ते बघायला लागले, एवढं त्या दिवशी पदरात पडलं.

संध्याकाळी बाबांच्या कामावरच्या मावशी आल्या. बाबांच्या हाताखाली त्यांनी वीस-बावीस वर्षं बिगारीचं काम केलं होतं. वाळू चाळायची, माल कालवायचा, घमेलं डोक्यावर घेऊन शिडी चढायची. नवरा लवकर गेलेला, दोन मुली त्यांनी याच कामावर शिकवल्या. बाबा आजारी पडल्यापासून त्या दुसऱ्या मिस्तरीकडे जात होत्या. मान पडल्याचं त्यांना बाजारात कळलं होतं. आल्या आल्या त्यांनी बाबांना जयभीम केला, मग माझ्या घमेल्यात बोट घातलं आणि म्हणाल्या, "पाणी लय झालंय, माय. ह्यानं सारवता येईल, थापता न्हाई येनार."

दुसऱ्या दिवसापासून त्या उजाडायच्या आत यायला लागल्या. ऊन तापायच्या आधी काम उरकायचं. लिंबाच्या उरलेल्या निम्म्या सावलीत आम्ही बाबांची खुर्ची आणून ठेवली. मावशी माल कालवून द्यायच्या, मी थापीने लावायचे. मान उभी राहिली. मी आनंदाने सगळ्यांना फोन केले. दुपारी उन्हाने ती वरपासून खालपर्यंत तडकली. बाबांनी काठी दोनदा आपटली आणि आम्ही ती उतरवली.

तिसऱ्या खेपेला मी सावकाश करत होते, तरी माल सुटत होता. मावशी माझ्या मागे घमेलं कमरेवर धरून उभ्या होत्या. मी काय चुकतेय हे विचारायला वळले तर त्यांचा उजवा हात हवेत हलत होता. मनगट किंचित वळायचं, बोटं आत यायची, तळवा वर जायचा. आपण काही करतोय हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. बाबा माझ्याकडे बघतच नव्हते. ते त्या हाताकडे बघत होते.

काठी दोनदा वाजली. मी थांबले. बाबांचे ओठ हलत होते. आई जवळ गेली, त्यांनी तिला डाव्या हाताने बाजूला केलं.

"थापी," ते म्हणाले. मग बराच वेळ गेला. "तिला दे."

आजारपणानंतर आम्ही ऐकलेलं ते त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य होतं. आईने पदर तोंडाला लावला. मी थापी मावशींपुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही.

"मला न्हाई येत, मिस्तरी," त्या म्हणाल्या.

"येतंय," बाबा म्हणाले.

मावशींनी घमेलं खाली ठेवलं. हात लुगड्याला पुसले. गल्लीतून कुणी जात नाही ना, असं एकदा वळून पाहिलं. मग थापी घेतली, बादलीत बुडवली आणि झटकली. अगदी बाबा झटकायचे तशी.

मी लावलेलं सगळं त्यांनी आधी खरवडून काढलं. माल पुन्हा कालवला, घट्ट, मुठीत धरला तर लाडू राहील असा. थापी बाजूला ठेवली आणि हातानेच छोटे गोळे जाळीत आतपर्यंत दाबायला सुरुवात केली. वीतभर झालं की थांबायचं, ओलं फडकं गुंडाळायचं, चहा घ्यायचा. मग पुढची वीत. घाई अजिबात नाही. वर सावलीला आईची जुनी साडी ताणून बांधली. त्या पहिल्या सकाळी दोनच वीत मान झाली, पण ती हलली नाही.

चहा पिताना मी विचारलं, हे तुम्ही शिकलात कधी? बाबा समोरच होते.

"पहिल्या वर्षापासनं येतंय मला," मावशी म्हणाल्या. "कुणी इचारलंच न्हाई."

बाबा म्हणाले, "ठाऊक व्हतं."

मग तुटक तुटक शब्दांत, मध्ये आईने आणि मी जोडत जोडत, त्यांनी सांगितलं. पालमला एका घराचं काम चालू असताना ते जेवायला गेले होते. परत आले तर त्यांनी अर्धवट सोडलेला भिंतीचा कोपरा पूर्ण झालेला होता, आणि त्यांच्यापेक्षा सरळ. मावशी लांब वाळू चाळत बसलेल्या. बाबांनी ओळंबा लावून पाहिला आणि काही बोलले नाहीत. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

मावशींनी कप खाली ठेवला. "मग इतके दिस?" त्यांनी विचारलं.

 काठी दोन्ही गुडघ्यांत धरून बाबा खाली बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मावशी उठून कामाला लागल्या.

त्या दिवशी संध्याकाळी मानेभोवती गुंडाळलेल्या गोणपाटावर पाणी मारताना मी बाबांपुढे चादरीची गोष्ट काढली. म्हटलं, मी चुकले होते, मला तेव्हा लाज वाटली होती. त्यांनी बराच वेळ शब्द शोधले. "धूळ," ते म्हणाले. "धूळ बसंल म्हनून... टाकली असशील." आणि हसले. उजवी बाजू हसत नव्हती, पण डावी पुरेशी होती.

डोक्यासकट मान व्हायला आठ दिवस लागले. ती सरळ करावी असं मला वाटत होतं. नाहीतरी नवीन करतोय, तर सुधारून घेऊ. मावशींनी ऐकलं नाही. मिस्तरीची मान डावीकडं व्हती, डावीकडंच ऱ्हाणार, असं त्यांनी सांगून टाकलं आणि बाबांनी काठी एकदा आपटली. डोकं मात्र त्यांनी स्वतःच्या मनाने केलं. चोच थोडी उघडी ठेवली. एका डोळ्यात जुनी निळी गोटी बसवली. तिच्या जोडीची मिळेना म्हणून दुसऱ्या डोळ्यात हिरवी. पुढे एकवीस दिवस पाणी मारायचं होतं. माझी शाळा उघडली, पण मी शनिवारी दुपारच्या एसटीने मानवतला येत राहिले.

गोणपाट काढायचं त्या रविवारी मावशी इस्त्रीची साडी नेसून आल्या. आम्ही कुणाला बोलावलं नव्हतं, तरी फाटकाबाहेर गल्ली जमली. मावशींनी दोरी सोडली, गोणपाट उतरवलं आणि मागे सरकल्या. मान उभी होती. कुठे रेघ नाही, कुठे फुगवटा नाही. जुनी मान मला चांगली आठवते. ही तिच्यापेक्षा देखणी होती. बाबांनी मला हाताला धरून उठवायला लावलं. हरळीतून ते बारा-पंधरा पावलं चालत गेले. त्याआधी ते ओट्याची पायरीही एकट्याने उतरले नव्हते. त्यांनी डावा तळवा मानेच्या बुडाला ठेवला आणि हात पोचेल तिथपर्यंत वर नेला. मग मावशींकडे बघून मान हलवली. बाहेर पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि मग मोठ्यांनीही वाजवल्या. मावशी कुठे बघावं ते न सुचून बादली उचलायला गेल्या.

शेजारचे कापडवाले काका आत आले. भोवती फिरले, जोडावर नख फिरवून पाहिलं. मला वाटलं, आता शेपटाचा विषय निघणार. त्यांनी विचारलं, हा गिलावा कुणी केला? मी मावशींकडे बोट केलं. त्यांच्या गच्चीवरची टाकी तीन वर्षांपासून गळत होती आणि तीन गवंडी थकले होते. उद्या येता का, असं त्यांनी मावशींना विचारलं. मावशींनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी मुद्दाम मोगऱ्याकडे तोंड फिरवलं. तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं, "येते. पण सामान म्या सांगंन ते आणायचं."

टाकी गळायची थांबली. मग त्याच गल्लीत एक न्हाणीघर, मग एका मास्तरांच्या घराचा आतला गिलावा. बाईच्या हाताने काम टिकेल का, असं म्हणणारे होतेच. ते येऊन ओळंबा लावून बघायचे आणि गप्प होऊन जायचे. वर्षभरात मावशींच्या हाताखाली दोन बायका आल्या. त्यांना पहिल्याच आठवड्यात त्यांनी एकेक थापी घेऊन दिली.

गेल्या हिवाळ्यात देवगाव फाट्यावरच्या एका हॉटेलवाल्याचा त्यांना निरोप आला. रस्त्यावरून जाणाऱ्यांचं लक्ष जाईल असं दारात काहीतरी करून हवं होतं. त्याच्या मनात मोर होता. मावशींनी मोराला नकार दिला. मला फोन करून त्यांनी विचारलं, सगळ्यात उंच जनावर कोणतं? मी जिराफाचे चारी बाजूंचे फोटो पाठवले. दीड महिना त्या, त्यांच्या दोघी बायका आणि चढून काम करायला बांधलेली बांबूंची परांची एवढंच तिथे होतं.

पूर्ण झाल्यावर मी, आई आणि बाबा गाडी करून बघायला गेलो. लांबूनच तो दिसला, हॉटेलच्या पत्र्यांच्या वर मान काढून उभा. पिवळा, तपकिरी ठिपक्यांचा. दोन एसटी थांबलेल्या आणि माणसं लेकरांना त्याच्या पायाशी उभं करून फोटो काढत होती. मावशी शिडीवर होत्या, एका ठिपक्याला शेवटचा हात देत. आम्हाला बघून खाली उतरल्या.

बाबांनी गाडीतून उतरून वर पाहिलं. मान इतकी मागे गेली की मला त्यांची पाठ धरावी लागली. पाणी किती दिवस मारलं, एवढंच त्यांनी विचारलं. एकवीस, असं मावशी म्हणाल्या. हॉटेलवाला चहा घेऊन आला. गाडीतून आलेला म्हातारा, हातात काठी, मावशी अदबीने शेजारी उभ्या, हे बघून त्याचा समज झाला की खरे कारागीर हेच. त्याने बाबांना हात जोडले आणि म्हणाला, तुमच्या हाताला तोड नाही, मिस्तरी.

बाबांनी काठीने मावशींकडे खूण केली.

"मिस्तरी ह्या हायेत," ते म्हणाले. सलग, न अडखळता. "मी बघायला आलोय."

हॉटेलवाला गोंधळला, मग त्याने मावशींना हात जोडले. मावशींच्या बोटांना तपकिरी रंग लागलेला होता, तरी त्यांनी तसेच हात जोडले. त्यांच्या हाताखालच्या दोघी शिडीजवळ उभ्या राहून हे ऐकत होत्या. त्यातल्या धाकटीने लगेच हाक मारली, मिस्तरी, रंग वाळायलाय, येता का? आम्हाला चहा घ्यायला सांगून मावशी परत शिडी चढल्या.